हयात आहे, हजर आहे, परत जाणार आहे

अंबाडी नाक्यावर भिवंडी-वाडा रस्त्याला वज्रेश्वरीकडून येणारा रस्ता मिळतो. त्या रस्त्याने गेलं की पुढे गणेशपुरी. नित्यानंदबाबांची समाधी, गरम पाण्याची कुंडं आणि मुक्तानंदांचा आश्रम यांच्यामुळे १९७० च्या दशकापासून तिथे परदेशी साधकांचा राबता आहे. तेव्हा पंचविशीत आलेला साधक आज सत्तरी ओलांडून बसला असणार. तो आजही गुडघे सांभाळत समाधीच्या दर्शनाला आला, तर त्याला उतरवून घेणाऱ्या आश्रमाला, लॉजला किंवा घरमालकाला त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारदरबारी कळवावी लागते. नाक्यावरून उलट्या बाजूला भिवंडी. तिकडे जाणाऱ्या एस.टी.त नोव्हेंबर महिन्यात जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी बसलेले दिसतात. पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स असते, कारण गेल्या वर्षीप्रमाणे आपण याही वर्षी जिवंत आहोत हे त्यांना बँकेत जाऊन सांगायचं असतं. आणि याच गुरुजींचा मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झालेला असेल, तर अमेरिकेच्या सरकारलाही त्यांच्याकडून काही गोष्टी लिहून हव्या असतात. गणेशपुरीचा गोरा आजोबा आणि अंबाडीचे गुरुजी यांची आयुष्यात कधी गाठ पडणार नाही, पण दोघांच्या पिशवीतले कागद एकमेकांना लगेच ओळखतील. या कागदांच्या मागे एकच नियम आहे. ज्या माणसाची कुठे पळून जायची इच्छा आणि ताकद सगळ्यांत कमी, त्यालाच ‘तुम्ही आहात कुठे?’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो.

याचा दोष लोक लालफितीला देतात. मला ते निदान उथळ वाटतं. लालफीत सगळ्यांनाच बांधलेली असते. पण बाकीच्यांची गाठ सोडवायला दुसरं कोणीतरी असतं. परदेशात नोकरी करणाऱ्याचे कागद कंपनी सांभाळते, कारण तो गायब झाला तर कंपनीचं काम अडतं. विद्यार्थ्याची हजेरी विद्यापीठ कळवतं, कारण फी विद्यापीठाला मिळालेली असते. पर्यटकाची वर्दी हॉटेल देतं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोचं सगळं नवऱ्याच्या नावावर चालतं आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते होतं, पण सरकारचं समाधान झालेलं असतं. निवृत्त माणूस मात्र ज्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडला, त्याच दिवशी त्याच्याबद्दल शब्द देणारं खातं बंद झालं. त्याला कंपनी नाही, कॉलेज नाही, साहेब नाही. मुलगा आहे, पण मुलगा म्हणजे संस्था नव्हे. म्हणून जगातल्या सगळ्या सरकारांनी एक सोपा तोडगा काढलाय: निवृत्त माणसाने आपला जामीनदार आपणच व्हायचं आणि दर थोड्या दिवसांनी येऊन स्वतःबद्दल स्वतःच खात्री द्यायची.

या तोडग्याचा सर्वांत देखणा नमुना थायलंडमध्ये आहे. पन्नाशी पूर्ण केलेल्या परदेशी माणसाला तो देश निवृत्त म्हणून एकेका वर्षाच्या मुदतीवर राहू देतो. त्यासाठी बँकेत ८ लाख बात ठेवायचे किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवायचं. एवढं झालं की दर ९० दिवसांनी ‘टीएम ४७’ नावाचा फॉर्म भरून ‘मी त्याच पत्त्यावर आहे’ असं कळवायचं. उशीर झाला तर २,००० बात दंड. मध्येच नातवंडांना भेटायला देशाबाहेर जायचं असेल तर परत येण्याचा परवाना आधी घ्यायचा. तो विसरला तर वर्षभराची मुदत विमानतळावरच संपते. नोकरी करणाऱ्या परदेशी माणसालाही ९० दिवसांची ही वर्दी आहेच, पण तिथे कंपनीचा माणूस गठ्ठा घेऊन जातो. खरी मौज पुढे आहे. देशाबाहेर जाऊन आलं की ९० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे दर दोन महिन्यांनी सिंगापूर नाहीतर क्वालालंपूरला उंडारून येणाऱ्याला हा फॉर्म आयुष्यात एकदाही भरावा लागत नाही. वर्षभर घरातल्या आरामखुर्चीत बसून राहणाऱ्याला मात्र चार वेळा सांगावं लागतं की मी खुर्चीतच आहे.

असे नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केले, हे पाहायचं तर त्यांच्या जन्मतारखा पाहाव्यात. आपला परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा १९३९ चा, म्हणजे दुसरं महायुद्ध तोंडावर असतानाचा. अमेरिकेचा तसाच कायदा १९४० चा. त्यानुसार चौदा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाला पोस्टात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले आणि बघता बघता जवळपास ५० लाख लोकांची नोंद झाली. पुढे १९८१ पर्यंत तिथे दर जानेवारीत पत्त्याचं कार्ड भरून देण्याचा शिरस्ता होता. आपला ‘फॉरेनर्स ॲक्ट’ १९४६ चा. या सगळ्या कायद्यांच्या मनात एकच माणूस होता: लांब कोट घातलेला, नाव बदलणारा, रात्री रेल्वे स्टेशनवर दिसणारा हेर. तो हेर कधीच कालवश झाला. त्याच्यासाठी छापलेले फॉर्म मात्र शिल्लक राहिले आणि ते कोणीतरी भरायलाच हवेत. हेराला फॉर्म भरायला वेळ नसतो आणि तसा हेतूही नसतो. वेळ असतो तो निवृत्त माणसाला. शिवाय चाळीस वर्षं खडू हातात धरल्यामुळे त्याचं अक्षर सुवाच्य असतं, रकाना रिकामा सोडायची त्याला सवय नसते आणि ‘लागू नाही’ हे दोन शब्द लिहिण्यात त्याला एक प्रकारचं समाधानही वाटतं. कुठल्याही कार्यालयाला असा नागरिक हातचा सोडवत नाही.

हा तर्क फार ताणलेला वाटत असेल तर अलीकडचा दाखला घ्या, तोही आपल्याच भागातला. डेव्हिड हेडली २६/११ च्या हल्ल्याआधी मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन सगळं पाहून गेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. सरकार साहजिकच हादरलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नियम आला की पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने देश सोडला की दोन महिने परत यायचं नाही. हेडलीकडे होता तो व्यवसायाचा व्हिसा, पण तो मुद्दा कोणाच्या ध्यानात राहणार? नियम लागला गोव्यात. तिथे वर्षानुवर्षं थंडी काढायला येणारे इंग्लंडचे निवृत्त लोक होते. मध्येच चार दिवस श्रीलंकेला जाऊन परत यायचं, असा त्यांचा बेत असे. भारतात निवृत्तांसाठी असा वेगळा व्हिसाच नसल्यामुळे ते बिचारे सरकारी दृष्टीने पर्यटक, मग त्यांनी तुळशीला पाणी घालायला सुरुवात केलेली का असेना. गोव्याच्या दारात पेन्शनर अडकले आणि अतिरेक्याला शिक्षा झाली ती शिकागोच्या कोर्टात. डिसेंबर २०१२ मध्ये बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी हा नियम मागे घेतला. तीन वर्षांत त्याने किती हेडली पकडले याचा हिशेब मागणं शिष्टाचाराला धरून होणार नाही.

आता कोणी म्हणेल, हे परक्या सरकारांचं झालं; आपलं सरकार तर आपल्या पेन्शनरला ओळखतं. ओळखतं खरं, पण त्याची भीती उलट्या बाजूची आहे. परक्या सरकारला धास्ती असते की हा म्हातारा दाखवतो त्यापेक्षा जास्त हालचाल करतोय. घरच्या सरकारला धास्ती असते की हा मुळीच हालचाल करत नसावा आणि पेन्शन दुसराच कोणी उचलतोय. ही धास्ती जुनी आहे. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांनी १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या खडीच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला आणि नाद लागल्यासारखे पुढे वीस वर्षं ठसे गोळा करत राहिले. १८७७ मध्ये त्यांनी ही पद्धत हुगळीच्या कचेरीत रीतसर आणली ती तिघांसाठी: दस्त नोंदवायला येणारे, तुरुंगातले कैदी आणि सरकारी पेन्शनर. मेलेल्या पेन्शनरच्या नावाने नातेवाईक पैसे उचलतात असा संशय होता. सेवानिवृत्तांना इतिहासाने कोणाच्या पंगतीला बसवलंय, हे ज्येष्ठ नागरिक संघांच्या वर्धापनदिनी सांगायला हरकत नाही.

गंमत अशी की ज्या वयात हा ठसा मागितला जातो, त्या वयापर्यंत तो झिजलेला असतो. अंबाडीच्या आसपास भातशेती आहे. गुरुजी शाळेत खडू धरत असले तरी आवणीला वाफ्यात उतरलेलेच असतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं आणि हयातीचा दाखला आधारच्या मशीनवर बोट ठेवून द्यायची सोय झाली. तेव्हापासून सेवा केंद्रात एक दृश्य ठरलेलं आहे. बोट ठेवलं की मशीन लाल दिवा दाखवतं. केंद्रातला पोरगा म्हणतो, आजोबा, बोट जरा पुसा. आजोबा धोतराला पुसतात. मग तो म्हणतो, डोक्याला चोळा, तेल लागू द्या. आजोबा टकलाला चोळतात. मग दुसरं बोट, मग डावा हात, मग अंगठा ‘जरा दाबून’. दहाही बोटं नापास झाली की समोर धडधडीत उभा असलेला, खोकणारा, ‘पाणी मिळेल का’ असं विचारणारा माणूस यंत्राच्या मते अजून सिद्ध व्हायचा असतो. पुढे २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय झाली, ती चांगलीच म्हणायची. फक्त फोन ‘डोळ्यांची उघडझाप करा’ असं सांगतो, तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या माणसाने काय करायचं, याचा खुलासा स्क्रीनवर नसतो.

आता हे गुरुजी अमेरिकेला निघाले की दोन्ही सरकारांच्या दोन्ही धास्त्या एकाच म्हाताऱ्यावर येऊन बसतात. पहिली पायरी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत. त्यांच्या कायद्यानुसार पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच कायमचा राहायला निघालाय असं धरून चालतात. तसं नाही हे दाखवणं अर्जदाराचं काम. म्हणून गुरुजी फाइल घेऊन जातात. तिच्यात पेन्शनचा कागद, घरपट्टीची पावती आणि सगळ्यांत वर सातबारा. त्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून चार भाऊ, दोन बहिणी आणि वारलेल्या काकांच्या वारसांची नावं, इतर हक्कांत विहिरीतला सामाईक हिस्सा आणि खाली सेवा सोसायटीचा बोजा. मराठी माणूस देश सोडून जाणार नाही याचा यापेक्षा भक्कम पुरावा जगात नाही. सामाईक विहीर आणि बांधाचा वाद अर्ध्यावर टाकून आजवर कोण गेलाय? पण खिडकीपलीकडचा अधिकारी बहुधा त्या फाइलीला हातही लावत नाही. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, असे दोन-तीन प्रश्न विचारून निकाल देतो. व्हिसा मिळाल्याच्या आनंदापेक्षा सातबारा न वाचल्याची हळहळ गुरुजींना परतीच्या लोकलमध्ये जास्त वेळ पुरते.

पुढे मुलगा अमेरिकन नागरिक होतो आणि आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड काढतो. इथे प्रश्नपत्रिका उलटी होते. कालपर्यंत सिद्ध करायचं होतं की माझं घर अंबाडीला आहे. आता सिद्ध करायचं की ते न्यू जर्सीला आहे. भारतात सहा महिन्यांहून जास्त राहिलं की परतताना विमानतळावर विचारणा होऊ शकते. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करायचा, तो साधारण दोन वर्षांचा मिळतो. आणि राहता पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत ‘एआर-११’ फॉर्म भरायचा. हा नियम ज्याने केला त्याला मराठी कुटुंबाची कल्पना नव्हती. आपल्याकडे आईवडील सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे ही वाटणी विहिरीच्या पाण्यासारखी पाळीने चालते. थोरला एडिसनला, धाकटा फ्रीमाँटला. आजी एडिसनहून हलल्या की अमेरिकेच्या गृहखात्याला कळणार, परत आल्या की पुन्हा कळणार. कोणती सून किती दिवस सांभाळते, याची अधिकृत नोंद जगात पहिल्यांदाच कुठेतरी होऊ घातली आहे आणि ती नेमकी अशा कचेरीत, जिथे तिचं महत्त्व कोणालाच कळणार नाही.

हे चालू असताना नोव्हेंबर उजाडतो. पेन्शन इथे भिवंडीच्या बँकेत जमा होते आणि पेन्शनर तिथे बर्फात. मग नोटरी, तिथल्या बँकेचा अधिकारी किंवा भारतीय वकिलातीतला अधिकारी यांच्यापैकी कोणाची तरी सही घेऊन हयातीचा दाखला धाडायचा. अमेरिकन नोटरीला हा कागद दाखवला की तो आधी दोनदा वाचतो. त्याच्या पुढ्यात येणारे लोक घर विकल्याचं, मोटार घेतल्याचं, मृत्युपत्र केल्याचं सांगायला येतात. ‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगायला सहसा कोणी येत नाही. तेव्हा गुरुजींच्या एकाच पिशवीतल्या तीन कागदांचा मिळून अर्थ असा होतो: मी इथला आहे, मी तिथला आहे आणि कुठलाही असलो तरी आहे.

एका वर्गाला मात्र यातून थोडी मोकळीक मिळाली आहे, ती ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना. गुरुजींचा मुलगा साठीला पोचून, अमेरिकन पासपोर्ट घेऊन अंबाडीला परत आला, तर त्याला पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, कितीही दिवस राहो. वडिलांचं शेत त्याला वारशाने मिळू शकतं, शेजारचं विकत घेता येत नाही. पण शेजारचा विकत नसतोच, त्यामुळे अडत नाही. कार्डाच्या नियमांत एक बारीक कलम मला फार आवडतं. वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टबरोबर नवा फोटो द्यायचा, कारण पोरांचा चेहरा बदलतो. त्यानंतर पन्नाशी उलटल्यावरच्या नव्या पासपोर्टबरोबर एकदा द्यायचा आणि मग कधीच नाही. पन्नाशीनंतर माणसाच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखं काही उरत नाही, असं सरकारचं मत दिसतं आणि त्यावर अजून कोणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्या युक्तिवादावर आक्षेप घेता येतात आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की आपल्या हद्दीत कोण राहतंय हे माहीत असण्याचा प्रत्येक देशाला हक्क आहे. अगदी मान्य. माझं म्हणणं विचारू नका असं नाही; उत्तर द्यायला कोणाला पाठवता ते पाहा, एवढंच आहे. वीस वर्षं एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता विचारून सरकारच्या ज्ञानात भर पडत नाही. दुसरा आक्षेप, मेलेल्यांच्या नावाने पेन्शन खरोखरच उचलली जाते. जाते, आणि हर्शेलसाहेबांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण मृत्यूची नोंद करा असा कायदा १९६९ पासून आहे आणि आता त्यासाठी मुदत एकवीस दिवसांची आहे. खेड्यात ती नोंद ग्रामसेवक करतो आणि दाखल्यावर शिक्का सरकारचाच असतो. जे सरकार एका टेबलावर मृत्यूचा दाखला देतं, तेच दुसऱ्या टेबलावर उरलेल्या सगळ्यांना रांगेत उभं करून विचारतं, तुम्हीही गेला नाहीत ना? मेलेल्यांची यादी कोषागारात पाठवायची सोडून जिवंतांची यादी दरवर्षी नव्याने लिहायची, हा हिशेबाचा मार्ग लांबचा आहे. परदेशात मृत्यू झाला तर आपल्या ग्रामसेवकाला कळणार कसं, असं आक्षेप घेणारा विचारेल. इथे त्याची बाजू खरी आहे आणि म्हणूनच परदेशी राहणाऱ्या पेन्शनरला विचारणा व्हायला माझी ना नाही. पण मग अंबाडीत राहणाऱ्याला कशाला?

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा: आता सगळं ऑनलाइन आहे. बरोबर. परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी आपलं ‘ई-एफआरआरओ’ पोर्टल २०१८ मध्ये सुरू झालं, थायलंडचा ९० दिवसांचा फॉर्म घरबसल्या भरता येतो, अमेरिकेचा पत्ताबदल पाच मिनिटांत होतो. पण ऑनलाइन म्हणजे प्रत्यक्षात मुलगा. आजोबा शेजारी खुर्ची घेऊन बसतात, मुलगा ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये फॉर्म उघडतो आणि ओटीपी पाठवलाय असं पडद्यावर येतं. तो जातो भारतातल्या नंबरवर. त्या नंबरचं सिम अंबाडीच्या घरी कपाटात, कपाटाची किल्ली शेजारच्या वहिनींकडे, आणि तिकडे वाजलेत रात्रीचे दीड. पूर्वी माणसाला स्वतः कचेरीत हजर राहावं लागे. आता त्याच्या फोनला हजर राहावं लागतं आणि फोन हा म्हाताऱ्या माणसापेक्षा जास्त वेळा गैरहजर असतो. त्यातूनही कचेरीत चूक झाली तर ‘अहो, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात’ असं म्हणून भांडता तरी यायचं. पडद्याला मागची वेळ आठवत नाही.

उरला तो आपला घरगुती आक्षेप, जो अंबाडी नाक्यावर चहाच्या टपरीशी हमखास ऐकू येतो: मग जायला सांगितलंय कोणी? इथे काय वाईट होतं? त्यावर उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण विचारणाऱ्याच्या मुलीची व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात असते.

तेव्हा मुद्दा शेवटी जामिनापाशीच येतो. निवृत्त माणसाच्या मागे उभी राहील अशी संस्था शोधायला हवी आणि शोधायला लांब जायला नको. गावातलं औषधाचं दुकान घ्या. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी घेणारा माणूस दर महिन्याला तिथे येतो. तो आला नाही तर दुकानदार दुसऱ्या दिवशी चौकशी करतो, कारण उधारी असते. एवढी नियमित, एवढी स्वार्थी आणि म्हणून एवढी विश्वासार्ह वर्दी कोणत्याही कोषागाराला मिळत नाही. किंवा सकाळी वज्रेश्वरीच्या रस्त्याने फिरायला जाणारा पेन्शनरांचा घोळका घ्या. त्यातला एक दोन दिवस दिसला नाही तर तो मुलाकडे गेला, आजारी पडला की सुनेशी बिनसलं, हे बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी तपशिलासह ठाऊक असतं. यात खासगीपणाचं काय, असं कोणी विचारील. अंबाडीत तो आत्ता तरी कुठे आहे? या लोकांचा शिक्का सरकारने मानावा, एवढीच अडचण आहे. आणि शिक्का दिला की त्या घोळक्यात अध्यक्षपदावरून दोन तट पडतील हेही मला दिसतं.

सरकारनेही आपल्या परीने या दिशेला एक पाऊल टाकलं आहे, असं नव्या कायद्यावरून म्हणता येईल. १९३९ आणि १९४६ चे ते जुने कायदे आता रद्द झाले. त्यांच्या जागी आलेला २०२५ चा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू आहे. परदेशी माणसाची माहिती कोणी द्यायची, हे त्यात सांगितलं आहे. उतरवून घेणारा लॉजवाला किंवा आश्रम द्यायचाच. विद्यापीठं आणि शिक्षणसंस्था विद्यार्थ्यांची देणार. आणि दाखल होणाऱ्या परदेशी रुग्णाची माहिती इस्पितळांनी आणि नर्सिंग होमनी कळवायची आहे. गणेशपुरीला येणाऱ्या त्या सत्तरीपलीकडच्या साधकाला नोकरी नाही, कॉलेज सोडून पन्नास वर्षं झाली. त्याच्या वतीने फॉर्म भरायला एक नवी संस्था अखेर पुढे आली आहे, फक्त त्यासाठी त्याला आधी भरती व्हावं लागेल.